उजव्या मांडीची गाठ

गंगम्माकाकू चोर नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या झरी गावात अजूनही अशी माणसं आहेत जी तिचं नाव निघालं की गालातल्या गालात हसतात, आणि त्या हसण्याने माझ्या अंगाची आग होते.

माझं बांगड्यांचं दुकान आणि तिच्या मुलाचं, शिवकांतचं, किराणा दुकान समोरासमोर. मध्ये एवढाच रस्ता, की एक ट्रॅक्टर आला तर दुसऱ्याने थांबावं. त्या घरातलं भांडण ऐकायला मला कान लावावा लागत नाही, ते आपल्या पायाने चालत माझ्या दुकानात येतं. पुढे दुकान, मागे घर. दुकानाच्या फळीवर गुळाची ढेप, गोणपाटाने झाकलेली, शेजारी फोडायची सळई. कोपऱ्यात थंड पेयांचा फ्रिज. त्याच फ्रिजमध्ये, दुधाच्या पिशव्यांच्या मागे, काकूचं इन्सुलिनचं पेन ठेवलेलं असे.

काकू लिंगायत वाण्याची. नवरा तरणाताठा गेला, तेव्हापासून तराजू तिच्या हातात. दुकान तिनेच उभं ठेवलं, पोराला आणि पोरीला तिनेच वाढवलं. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, ते पोटाशी रुळायचं. अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर ठेवून पूजा करायची, आणि ती झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. ताप असो, लग्नघर असो, हा नेम कधी मोडला नाही.

पण म्हणून ती गरीब गाय होती असं समजू नका. जीभ अशी की समोरच्याची सालटी काढील. सून स्वप्ना नवी नवी आली, पोटुशी होती, आणि डब्यातलं खोबरं कमी झालं. काकूने काय केलं असेल? स्वप्नाचा बाप तिला माहेरी न्यायला आला होता, ओसरीवर चहा पीत बसला होता. त्याच्यासमोर काकूने सुनेची हनुवटी धरली, म्हणाली, "हा कर," आणि तोंडाचा वास घेतला. "खोबरंच हाय," म्हणाली. बाप खाली मान घालून चहा पीत राहिला. स्वप्ना त्या दिवशी रडली नाही. मी समोरून बघत होते, आणि मला तेव्हाच वाटलं, ही पोरगी हे विसरायची नाही.

पुढे काकूला साखर निघाली. आधी गोळ्या झाल्या, मग इन्सुलिन आलं. परभणीच्या दवाखान्यात कंपाउंडरने पेन कसं टोचायचं ते एकदा दाखवलं आणि घाईघाईत बोलला, "पोटावर घ्या, दंडावर घ्या, मांडीवर घ्या. रोज जागा बदलत जा, मावशी." काकूने मान हलवली. घरी आल्यावर मात्र तिने आपल्या अंगाचा आपला हिशेब मांडला.

पोट नको, तिथे लिंग रुळतं. डावा दंड नको, त्या हातावर लिंग बसतं. पूजेला मांडी घातली की डावा हात डाव्या मांडीवर टेकतो, म्हणून डावी मांडीही नको. उजवा दंड चालला असता, पण आपल्याच हाताने आपल्याच उजव्या दंडाला टोचायचं तर पेन डाव्या हातात धरावं लागतं, मग तेही नको. असं करत करत सगळ्या देहात उजव्या मांडीची वीतभर जागा उरली. हे तिला कुणा जंगम गुरूने सांगितलं नव्हतं, कुठल्या पोथीत लिहिलेलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं, आणि एकदा ठरवलं की ती परमेश्वराचंही ऐकणारी नव्हती.

डोळ्यांनी पेनावरचे डोसचे आकडे दिसेनात, म्हणून आकडा स्वप्ना फिरवून द्यायची. काकू पेन घेऊन आत जायची, दार लोटायची, लुगडं वर करून टोचायची. सुनेसमोर मांडी उघडी करायची लाज. डॉक्टर तर पुरुष, त्याला दाखवायचा प्रश्नच नव्हता, आणि त्यानेही कधी दाखवा म्हटलं नाही.

रोज एकाच ठिकाणी टोचून तिथे गाठ आली. कणकेच्या उंड्यासारखी, मऊ आणि बधिर. काकूला तर ती गाठ म्हणजे वरदान वाटलं. डोळ्यांनी दिसत नसलं तरी हाताला जागा बरोबर लागायची. वर तिथे दुखायचंही नाही. एकदा माझ्या दुकानात बसून कौतुकाने सांगत होती, "लय चांगली जागा गावली बघ. सुई गेलेली कळत बी न्हाई." मला तरी सुईतलं काय कळतंय? मीही म्हटलं, बरं झालं.

औषध त्या गाठीतच अडकून राहायचं. रक्तात जायचं ते थोडं, तेही मनात येईल तेव्हा. साखर काही उतरेना. दर खेपेला डॉक्टर कागद बघायचा, डोस वाढवायचा, आणि शिवकांतकडे बघून म्हणायचा, "म्हातारी गुपचूप काहीतरी खाते. लक्ष ठेवा." झालं. किराणा दुकानाच्या मागे राहणारी म्हातारी, हाताच्या अंतरावर ढेप. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला आणखी काय लागतं?

मग त्या घरात जे सुरू झालं ते मी रोज बघितलं. स्वप्नाने आतल्या गुळाच्या डब्याला कुलूप लावलं. फळीवरच्या ढेपेवर ती सळईने रेघ ओढून ठेवायची आणि सकाळी रेघ बघायची. दुकानात गिऱ्हाईक असताना ती सासूला बोलावून घ्यायची, हनुवटी धरायची आणि म्हणायची, "हा करा, आत्याबाई." बापासमोर जे झालं होतं ते तिने आता गिऱ्हाइकांसमोर फेडायला काढलं होतं. काकू पहिल्यांदा हात झटकायची. नंतर नंतर नुसती तोंड उघडून उभी राहायची. ज्या बाईच्या आवाजाने हमाल दचकायचे, ती गिऱ्हाइकांसमोर आ वासून उभी राहिलेली बघणं फार वाईट होतं. स्वप्नाचा राग मला समजत होता, पण मन मानत नव्हतं.

आणि शिवकांत? तो तराजूकडे बघायचा. त्या माणसाला जन्मभर हेच जमलं, अडचण आली की तराजूकडे बघायचं. देवळातल्या महाप्रसादाला काकूच्या द्रोणातला शिरा त्याने पंगतीत, सगळ्यांदेखत काढून घेतला आणि शेजारच्या पोराच्या पानात टाकला. त्या दिवसापासून गल्लीतली पोरं तिला गूळम्मा म्हणायला लागली. मी दोघातिघांचे कान पिळले, पण पोरांचे कान पिळून मोठ्यांचं हसू थांबतं का?

एका सकाळी साखर पुन्हा वाढलेली निघाली आणि शिवकांत भर दुकानात ओरडला, "मरायचं तर एकदाचं मर, पर माझी बेअब्रू करू नको!" काकू तशीच आत गेली. बाहेर आली ती डाव्या तळहातावर लिंग घेऊन. ओटीवर, रस्त्याकडे तोंड करून बसली. येणारेजाणारे थांबले. ती म्हणाली, "हे माझ्या हातात लिंग हाय. ह्या घरातला गुळाचा खडा म्या चोरून तोंडात घातला असंल, न्हाई तर हितून पुढं घातला, तर ह्यो हात झडंल." लिंगायत बाई हातावर लिंग घेऊन खोटं बोलत नाही, हे झरीत लहान पोरालाही माहीत आहे. तरी स्वप्ना उंबऱ्यातून म्हणाली, "चोराच्या उलट्या बोंबा." लोक हसले आणि आपापल्या कामाला गेले.

पंचमीला काकूची मुलगी राजेश्री पोखर्णीहून माहेरी आली. आईची पाठ चोळून देते म्हणून न्हाणीत शिरली आणि आतूनच किंचाळली. मांडीवरची गाठ तिने बघितली होती, तिला वाटलं कॅन्सर. दुसऱ्याच दिवशी आईला आणि भावाला घेऊन ती परभणीला गेली. तिथे जे झालं ते राजेश्रीने मला नंतर सांगितलं.

डॉक्टरने पहिल्यांदाच ती मांडी बघितली. बोटाने गाठ दाबली आणि हसला. "कॅन्सर कसला? एकाच जागी टोचून टोचून हे झालंय. औषध लागतच नव्हतं बाईंना. त्या काही खात नसतील, विनाकारण बोललो आपण." 'आपण' म्हणाला हं, 'मी' नाही म्हणाला. काकू पडद्यामागे लुगडं नीट करत होती. एवढं तिने ऐकलं. पण कान मंद झालेले, पुढचं तिला कळलं नाही. पुढे डॉक्टर शिवकांतला म्हणाला, "आता पोटात द्या, जागा बदलत द्या. पण एक ध्यानात ठेवा. हा डोस गाठीसाठी वाढवत नेलेला आहे. चांगल्या जागी तो सगळाच्या सगळा लागेल, झेपायचा नाही. अर्ध्यावर आणा. घाम सुटला, हात कापले, तर लगेच साखर नाहीतर गूळ तोंडात घाला." राजेश्री तिथे उभी होती. शिवकांतने मान हलवली, चिठ्ठी खिशात घातली.

राजेश्री बसस्टँडवरूनच पोखर्णीला गेली, घरी सोयाबीनची फवारणी चालू होती. तिची बस सुटण्याआधी काकूने मुलाचा हात धरला. "शिवा, घरी गेल्यावर स्वप्नाला तूच सांग. अव्वानं खाल्लं नव्हतं म्हून सांग. माझं कुनी ऐकायचं न्हाई." शिवकांत म्हणाला, "सांगतो ना." म्हातारीला आयुष्याकडून आणखी काही नको होतं. मुलाने एकदा चार लोकांत म्हणावं, माझी आई चोर नाही.

संध्याकाळी ती दोघं आली तेव्हा स्वप्ना दुकानात होती, दोन-तीन गिऱ्हाइकं होती, मी माझ्या दारात होते. काकू बसलीसुद्धा नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "डाक्टर म्हनला, म्या खाल्लं नव्हतं. औषीदच लागत नव्हतं. विचार ह्याला." स्वप्नाने नवऱ्याकडे बघितलं. गिऱ्हाइकांनी बघितलं. मीही बघितलं.

शिवकांतने तराजूचं पारडं फडक्याने पुसलं. मग म्हणाला, "उद्यापासून पोटात द्यायचं म्हनले. जागा बदलायची. तूच देत जा, तिच्या हातात ठिवू नको." आणि गिऱ्हाइकाला विचारलं, "साबण कोनता देऊ?"

एवढंच. आईने खाल्लं नव्हतं, हे सांगायचं तर वर्षभर मी तिला नाहक छळलं हेही सांगावं लागलं असतं. अर्धा डोस सांगायचा तर का अर्धा ते सांगावं लागलं असतं, म्हणजे पुन्हा तेच. लोकांपुढे ते वाक्य त्याला गिळवेना आणि बाहेरही काढवेना. नंतर एकांतात सांगू असं त्याच्या मनात असेलही. मनात काय, माणसाच्या मनात पुष्कळ असतं. स्वप्ना सासूकडे वळून म्हणाली, "ऐकलं ना? तुमच्या हातातबी ठिवायचं न्हाई म्हनले डाक्टर." काकू आत गेली. त्या दिवशी तिच्याकडे बघवत नव्हतं.

सकाळी स्वप्नाने पेन काढलं आणि रोजचा आकडा फिरवला. तिला दुसरा आकडा माहीतच नव्हता. काकूने पोटावर हात आडवा धरला. "लिंगाची जागा हाय ती, पोरी." स्वप्नाने लिंगाची डबी उचलून तिच्या पाठीवर टाकली आणि टोचलं. काकू "स्स" करून कळवळली. हे स्वप्नानेच मला मागाहून सांगितलं. "लय दिवसांनी दुखलं गं," एवढंच काकू म्हणाली. जिवंत मांस होतं ते, दुखणारच.

मग ती पूजेला बसली. पोटाला सुई लागली म्हणून तिने पुन्हा अंघोळ केली, लिंगालाही जास्तीचं पाणी घातलं. रोजच्यापेक्षा पूजा लांबली. भाकरी ताटलीत झाकून पडलेली.

मी पंचमीला माहेरी आलेल्या एका नव्या नवरीला चुडा भरत होते तेव्हा समोरून काकूचा आवाज आला, आणि तो तिचा आवाज वाटेना. "स्वप्ना, मला कसंतरी व्हायलंय. हात कापायलेत. गूळ दे गं थोडा."

दुकानात बरीच माणसं होती, सणानंतरची खरेदी. स्वप्नाने हातातलं पुडकं खाली ठेवलं. मग हसली, खरंच हसली, इतक्या वर्षांचं हसली. "ऐका रे ऐका! आज तोंडानं मागायलेत!"

"खडाभर दे. डोळ्यापुढं अंधारी यायलीय."

"काल तर म्हनत होता, खाल्लंच न्हाई. आन् आज अंधारी? सोंगं लय झाली, आत्याबाई. जावा, भाकरी खावा."

काकूचं लुगडं पाठीला चिकटलं होतं, घामाने. कपाळावरून पाणी गळत होतं. मी नवरीचा हात सोडला आणि ओरडले, "अगं, दे की एक खडा! मागायलीय तर दे!" स्वप्ना मला म्हणाली, "तुमी आमच्या घरात पडू नका. डाक्टरांनी विष हाय म्हनून सांगितलंय." ते खरंच होतं. वर्षभर हेच तर सांगितलं होतं सगळ्यांनी.

मग काकू डुलत डुलत फळीपाशी आली आणि तिने ढेपेवरचं गोणपाट ओढलं. सळईने फोडून ठेवलेले खडे तिथे पडलेले होते. त्यात तिने हात घातला, डावा हात. उजव्या हाताने तिने फळी धरली होती, नाहीतर पडलीच असती. तराजूपाशी बसलेल्या शिवकांतने उठून ते मनगट पकडलं. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर पकडलं. "अव्वा, लाज वाटू दे!" तो मूठ उघडायला लागला, पण मूठ उघडेना. कुणीतरी मागून म्हणालं, "गूळम्मा घावली!" आणि दुकानभर हशा पिकला. मी रस्ता ओलांडून गेले तोवर शिवकांतने तिला ओढत आत नेलं होतं.

घाम सुटला, हात कापले, तर गूळ तोंडात घाला. आदल्याच दिवशी ऐकलेलं. त्याला आठवलं नसेल का? मी त्याला आजवर विचारलं नाही, कारण तो काय उत्तर देईल ते मला माहीत आहे. तो तराजूकडे बघेल.

आत बाजेवर तिला निजवलं. ती काहीतरी बडबडत होती, नवऱ्याला हाका मारत होती. "लाजनं सोंग घ्यायलीय, पडू द्या," स्वप्ना म्हणाली आणि अंगावर वाकळ टाकून दुकानात आली. मी उंबऱ्यातून डोकावले, तर भिंतीकडे तोंड करून झोपलेली दिसली. घोरत होती. झोप लागली, बरं झालं, असं स्वप्ना म्हणाली आणि दार ओढून घेतलं. दुपारी दुकानात गर्दी वाढत गेली, आणि आत कुणी गेलं नाही.

संध्याकाळी स्वप्ना चहाला उठवायला गेली तेव्हा काकू उठेना. जीप काढली, परभणीच्या वाटेवरच सगळं संपलं होतं. दवाखान्यात नुसतं बघून परत पाठवलं.

आमच्याकडे लिंगायताला जाळत नाहीत, बसवून पुरतात. सकाळी काकूला अंघोळ घालून ओटीवर भिंतीला टेकवून बसवलं, विभूती लावली, हार घातला. ज्या ओटीवर तिने आण घेतली होती, तीच ओटी. राजेश्री पोखर्णीहून आली होती. जंगमस्वामींनी काकूच्या गळ्यातलं लिंग काढलं आणि म्हणाले, "डावा हात पुढं घ्या." शेवटी लिंग डाव्या तळहातावर ठेवायचं असतं, त्याच्यासकट माणूस जमिनीत जातो.

डाव्या हाताची मूठ आवळलेली होती. अंघोळ घालणाऱ्या बायकांनाही ती उघडता आली नव्हती. राजेश्रीने कोमट पाणी मागितलं, आईचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट चोळत सोडवायला लागली. बोटं चिकट झाली होती. करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचं, आणि तळहातात गुळाचा खडा दिसला. घामाने वरवर विरघळलेला, त्यावर बोटांचे चार वळ. पण अख्खा.

राजेश्रीने तो उचलून वळवून वळवून बघितला. "खाल्ला न्हाई हिनं," ती म्हणाली. "दाताचा डागबी न्हाई, दादा. हातात गूळ आसून खाल्ला न्हाई." सबंध गल्ली होती तिथे. काल हसणारेही होते. चोरून खाणार नाही म्हणून आण घेतली होती, ती आठवली असेल की हाताला तोंडच सापडलं नसेल, मला माहीत नाही. मागितला तेव्हा कुणी दिला असता तर तिने खाल्ला असता, एवढं मला ठाऊक आहे.

मग राजेश्रीच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. तिने भावाकडे बघितलं. "दादा, अर्धं केलं व्हतं ना रे? डाक्टर म्हनला तसं?"

"कसलं अर्धं?" स्वप्ना म्हणाली.

शिवकांतने आत दुकानात, तराजूकडे बघितलं.

"काय अर्धं करायचं व्हतं, वन्सं?"

राजेश्रीने सांगितलं. गाठीसाठी वाढवलेला डोस, चांगल्या जागी झेपायचा नाही, हात कापले तर गूळ द्यायचा. आईने काही खाल्लं नव्हतं हे डॉक्टर बोलला, तेही सांगितलं. सांगता सांगता तिलाही कळत गेलं. स्वप्ना आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, आकडा फिरवणाऱ्या हाताकडे. मला तिचा राग होता, आजही आहे, पण त्या क्षणी तिची दया आली. हत्यार नवऱ्याने तिच्या हातात दिलं होतं आणि सांगितलंही नव्हतं.

जंगमस्वामी म्हणाले, "तळहात धुवा. उशीर व्हायलाय."

राजेश्रीने हात धुतला. गुळाचा खडा कुठे ठेवावा ते तिला कळेना, तेव्हा स्वप्नाने तो तिच्या हातातून घेतला. ती उठली, सगळ्यांसमोर नवऱ्यापाशी गेली आणि त्याची हनुवटी धरली.

"हा करा," ती म्हणाली.

आणि त्याने, काय करावं ते न कळून, तोंड उघडलं. स्वप्नाने तो खडा त्याच्या जिभेवर ठेवला आणि मागे सरली. शिवकांतला तो थुंकता येईना, समोर आई बसलेली. गिळताही येईना. गालात खडा धरून तो तसाच उभा राहिला, आणि मागे जंगमस्वामींनी काकूच्या धुतलेल्या तळहातावर लिंग ठेवलं.